टर्बो इंजिनातील क्रँककेसचे वायुवीजन आणि निर्वात-नियंत्रण : मांडणी, मोजमाप आणि चाचणी

टर्बो असलेल्या गाडीतून निळा धूर येऊ लागला, इंटरकूलरच्या पाइपात तेल साचू लागले किंवा क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून तेल झिरपू लागले, की नागपुरातल्या बहुतेक गॅरेजांत पहिला संशय टर्बोवर येतो. टर्बो उतरवला जातो, त्याची दुरुस्ती होते किंवा नवा बसवला जातो, आणि काही महिन्यांत तेल पुन्हा त्याच जागी दिसू लागते. अशा अनेक प्रकरणांत टर्बो निर्दोष असतो. दोष क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखाली क्रँकशाफ्ट फिरतो त्या बंद जागेत, साचलेल्या दाबाचा असतो आणि तो दाब बाहेर जाण्याची वाट तुंबलेली, अपुरी किंवा चुकीच्या जागी जोडलेली असते. इंजिन आयडलवर असो, मध्यम भारावर असो, पूर्ण बूस्टवर (टर्बोने दिलेल्या हवेच्या जादा दाबावर) असो किंवा उतारावर पाय काढून चाललेले असो, या सर्व अवस्थांत क्रँककेसमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहिला पाहिजे. तो वाढताही कामा नये आणि फार खालीही जाता कामा नये. हा समतोल कसा साधायचा आणि साधला आहे याची खात्री मोजून कशी करायची, हे येथे सविस्तर मांडले आहे. मांडणी प्रामुख्याने थ्रॉटल असलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनाची आहे, आणि डिझेलसाठी काय बदलते ते पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

दाब येतो कुठून

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेले इंधन, पाण्याची वाफ आणि आम्लधर्मी घटक असतात, आणि क्रँककेसमध्ये उडणाऱ्या तेलाचे तुषारही त्यात मिसळतात. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, तसा ब्लो-बायही वाढतो.

प्रमाणाचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब करून पाहू. दीड लिटरचे इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला साधारण ४५०० लिटर हवा घेते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब ९७-९८ किलोपास्कलच्या आसपास असतो. त्यावर ०.७ बार बूस्ट दिला, तर तीच हवा वातावरणाच्या दाबाने मोजल्यास साडेसात हजार लिटरच्या घरात जाते. तिचा केवळ १ टक्का रिंगांमधून निसटला असे धरले, तरी मिनिटाला ७५ लिटर वायू क्रँककेसमधून सतत बाहेर काढावा लागेल.

हा वायू बाहेर पडला नाही, तर सर्वांत आधी त्रास होतो तो टर्बोच्या तेलाच्या परतीला. टर्बोत तेल पंपाच्या दाबाने जाते, पण तेथून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरते. क्रँककेसमध्ये थोडासा दाब साचला तरी हा उतार मंदावतो, टर्बोच्या मधल्या भागात तेल तुंबते आणि शाफ्टवरच्या रिंगांना ओलांडून ते कॉम्प्रेसरकडे (हवा दाबणाऱ्या बाजूला) किंवा टर्बाइनकडे (एक्झॉस्टने फिरणाऱ्या बाजूला) जाते. टर्बाइनच्या बाजूला गेलेल्या तेलाचा निळा धूर होतो. म्हणून टर्बो उतरवण्यापूर्वी क्रँककेसचा दाब मोजणे ही माझ्या मते कोणत्याही गॅरेजची किमान जबाबदारी आहे. त्या मोजणीला लागणारे साधन घरी तयार होते.

दोन वाटा आणि त्यांचे काम

साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात थ्रॉटलच्या पुढे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागात) जवळजवळ नेहमीच ओढ असते आणि क्रँककेसमधला वायू तिकडे सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून तीच ओढ क्रँककेस साफ ठेवते. टर्बो इंजिनात बूस्ट चढला की हाच मॅनिफोल्ड दाबाखाली येतो. पीसीव्हीची वाट त्या क्षणी बंद झाली नाही, तर टर्बोने दाबलेली हवा उलट क्रँककेसमध्ये शिरते. म्हणून येथे दोन वाटा लागतात.

पहिली वाट टॅपेट कव्हरपासून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणापासून) कॅच कॅनमधून, म्हणजे वायूतले तेल अडवणाऱ्या डब्यातून, पुढे चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप) आणि पीसीव्हीमधून मॅनिफोल्डला जाते. आयडल आणि हलक्या भारावर ती काम करते. दुसरी वाट क्रँककेसच्या दुसऱ्या टोकापासून निघून एअर फिल्टरच्या पुढे, पण टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या अलीकडे, हवेच्या पाइपाला मिळते. बूस्टमध्ये कॉम्प्रेसर जोराने हवा ओढत असतो, फिल्टरमुळे त्या जागी थोडी ओढ निर्माण होते आणि ब्लो-बाय तिकडे खेचला जातो. हलक्या भारावर मात्र हीच दुसरी वाट उलट दिशेने वाहते. फिल्टरमधून आलेली स्वच्छ हवा तिच्यातून क्रँककेसमध्ये शिरते, आतली वाफ सोबत घेते आणि पहिल्या वाटेने मॅनिफोल्डकडे जाते. हवा आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा एकमेकींपासून जितकी दूर, तितकी ही झाडलोट पूर्ण होते. दोन्ही नळ्या टॅपेट कव्हरच्या एकाच कोपऱ्यात शेजारी-शेजारी बसवल्या, तर हवा वरच्यावर फिरून निघून जाते आणि खाली चेंबरमधली वाफ तशीच राहते.

इंजिनात एअर-फ्लो सेन्सर असेल, तर दुसरी वाट त्या सेन्सरच्या पुढेच जोडली पाहिजे. नळीला सुटा छोटा फिल्टर लावून ती बॉनेटखाली मोकळी सोडण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे. तसे केल्यास आयडलला मोजणीबाहेरची हवा इंजिनात जाते, मिश्रण पातळ होते आणि मेकॅनिक इंजेक्टर व प्लग तपासण्यात दिवस घालवतो.

सुरुवात इंजिनाच्या प्रकृतीपासून

कोणतीही नळी बदलण्याआधी लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती टक्के निसटते हे पाहणे, करून घ्यावी. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंतपणे पुढे जावे. ती २० टक्क्यांच्या वर असेल आणि हवेचा आवाज ऑइल फिलरच्या तोंडातून येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले आहेत. मोठी नळी लावून ती झीज झाकणे म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणे होय.

पहिल्या वाटेची जोडणी

पीसीव्ही व्हॉल्व्ह टर्बो इंजिनासाठीच बनवलेला घ्यावा. साध्या इंजिनाचा व्हॉल्व्ह ओढीवर चालण्यासाठी असतो आणि बूस्टखाली तो पूर्ण बंद होईलच अशी खात्री देता येत नाही. माझा आग्रह असा, की पीसीव्ही कोणताही असला तरी त्याच्या जोडीला एक स्वतंत्र चेक व्हॉल्व्ह असावाच. बसवण्यापूर्वी त्याची चाचणी टेबलावर करावी. मॅनिफोल्डकडच्या तोंडाला हवेचा दाब द्यावा, तो इंजिनाच्या कमाल बूस्टपेक्षा थोडा अधिक ठेवावा आणि दुसऱ्या तोंडाला साबणाचे पाणी लावावे. एकही बुडबुडा आला तर तो व्हॉल्व्ह वापरू नये. चेक व्हॉल्व्ह कॅच कॅनच्या नंतर बसवावा, म्हणजे त्याच्या आसनावर तेलाचा चिकट थर बसत नाही.

दुसरी वाट आणि नळीचे माप

पहिल्या वाटेला ९-१० मि.मी. आतल्या व्यासाची नळी पुरते, कारण तेथील प्रवाह पीसीव्हीच ठरवतो. दुसऱ्या वाटेत ही काटकसर महागात पडते. वर काढलेले मिनिटाला ७५ लिटर १० मि.मी. नळीतून नेले, तर वायूचा वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर होतो. तेच १६ मि.मी. नळीतून नेले तर तो ६ मीटरच्या आसपास राहतो. दाबातली घट साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे बारीक नळीत ती सहापटींहून अधिक होते, आणि शिवाय वेगाने जाणारा वायू तेलाचे थेंब सोबत ओढून नेतो. म्हणून दुसऱ्या वाटेला १६ ते १९ मि.मी. नळी वापरावी आणि कव्हरवरचा निपल, कॅनचे तोंड, कोपरे हे सर्व त्याच मापाचे ठेवावेत, कारण वाटेतला सर्वांत अरुंद भागच शेवटी प्रवाह ठरवतो.

टॅपेट कव्हरवरचे तोंड शक्य तितके उंच असावे आणि आतून त्याला पत्र्याचा आडोसा असावा. तो नसेल तर कॅमशाफ्टवरून उडणारे तेल थेट नळीत जाते आणि कोणताही कॅच कॅन त्याला पुरा पडत नाही. हे काम कव्हर उतरवूनच करावे, कारण जागेवर ड्रिल मारल्यास धातूचा कीस तेलात पडतो. असा आडोसा आणि योग्य मापाचे निपल हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवर करून घेता येतात.

नळीचा माल हा दुर्लक्षित विषय आहे. रेडिएटर-हीटरची ईपीडीएम रबराची नळी तेलाने फुगते आणि मऊ पडते. साधी सिलिकॉन नळी दिसायला उत्तम असते, पण तेलाचा अंश तिच्यातून हळूहळू बाहेर झिरपतो. आतून फ्लोरो अस्तर असलेली सिलिकॉन नळी किंवा तेलासाठीची नायट्राइल नळी घ्यावी. टर्बोच्या जवळ नायट्राइल टिकत नाही, तेथे फ्लोरो अस्तराचीच हवी. ओढीखाली चपटी होणार नाही इतकी ती जाडही असावी. टर्बाइनच्या बाजूपासून प्रत्येक नळी किमान वीतभर दूर न्यावी, कारण तापून लाल झालेल्या टर्बाइनवर तेल ठिबकले तर आग लागते.

कॅच कॅन अर्धा ते एक लिटरचा, आत अडथळ्यांचे पडदे असलेला घ्यावा. नुसता रिकामा डबा तेल फारसे अडवत नाही. आत जाळी भरायची असल्यास ती स्टेनलेस स्टीलची आणि घट्ट बांधलेली असावी, मोकळी स्टील वूल नको, कारण तिचे तंतू सुटून कॉम्प्रेसरकडे जाऊ शकतात. कॅन थंड जागी, हवेच्या झोतात बसवावा. नळीला मध्येच खोलगट झोका राहू देऊ नये, कारण त्यात तेल-पाणी साचून वाट बंद होते. कॅनची गरज नागपुरात अधिक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा इंजिनात जाणारी हवा आधीच तापलेली असते, आणि तिच्यात तेलाचे तुषार मिसळले तर इंधनाची नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांना) तोंड देण्याची क्षमता आणखी घटते.

निर्वात किती, आणि तो आवरायचा कसा

दाबाइतकाच अति निर्वातही, म्हणजे क्रँककेसवरची अति ओढही, घातक आहे. आयडलला मॅनिफोल्डमधली ओढ वातावरणापेक्षा ६० किलोपास्कलच्या आसपास खाली असते आणि उतारावर पाय काढल्यावर ती आणखी वाढते. पीसीव्ही उघडा अडकला आणि ताजी हवा येण्याची वाट बंद झाली, तर ही सारी ओढ क्रँककेसवर येते. क्रँकशाफ्टचे सील आतले तेल बाहेर जाऊ नये यासाठी घडवलेले असतात. उलट दिशेने जोराची ओढ आली की त्यांची ओठासारखी कड उचलली जाते, बारीक शिट्टी ऐकू येते आणि बाहेरची धूळ थेट तेलात जाते. उन्हाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यांवर जी बारीक धूळ उडते, ती बेअरिंगपर्यंत पोहोचणे कोणत्याही इंजिनाला परवडणारे नाही.

रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत मोकळी दुसरी वाट हीच निर्वातावरची सुटका असते. ओढ वाढली की तिच्यातून ताजी हवा येते आणि समतोल आपोआप राहतो. स्वतंत्र व्यवस्था तीन परिस्थितींत लागते. दुसऱ्या वाटेतही चेक व्हॉल्व्ह घातलेला असेल, तर ताज्या हवेचा मार्ग उरत नाही. क्रँककेसला निर्वात पंप किंवा एक्झॉस्टच्या वेगावर ओढणारी जोडणी दिली असेल, तर ओढीला मर्यादा राहत नाही. आणि तिसरी, आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी परिस्थिती म्हणजे एअर फिल्टर धुळीने भरलेला किंवा मुळातच लहान असतो, त्यामुळे पूर्ण बूस्टला कॉम्प्रेसरच्या तोंडाशी काही किलोपास्कलची ओढ निर्माण होते आणि ती जशीच्या तशी क्रँककेसला जाणवते. यातल्या तिसऱ्या परिस्थितीवरचा पहिला उपाय नवा, पुरेशा मापाचा फिल्टर हाच आहे.

यावर दोन प्रकारची साधने मिळतात. पडदा असलेला रेग्युलेटर क्रँककेस आणि ओढ यांच्यामध्ये बसतो आणि निर्वात वाढू लागला की वाटच अरुंद करतो. रिलीफ व्हॉल्व्हची रीत वेगळी असते. ठरावीक निर्वात आला की त्याची स्प्रिंग दबते आणि फिल्टरमधून बाहेरची हवा क्रँककेसमध्ये येऊ देते. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या रस्त्यावरच्या गाडीसाठी मी रेग्युलेटरच निवडेन, कारण तो न मोजलेली हवा आत घेत नाही. रिलीफ व्हॉल्व्ह लावायचाच असेल, तर तो आयडलला पूर्ण बंद राहील अशा बेताने लावावा. पूर्ण बूस्टला त्याच्यातून आलेली थोडी हवा एकूण प्रवाहाच्या तुलनेत नगण्य असते, आयडलला मात्र तीच हवा मिश्रण बिघडवते.

रिलीफ व्हॉल्व्ह टेबलावर जुळवून मगच इंजिनावर चढवावा. हातपंपाने ओढ द्यावी, मध्ये टी जोडून पाण्याची यू-नळी लावावी आणि वातावरणाच्या ३ किलोपास्कल खाली, म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांमध्ये सुमारे ३०६ मि.मी. फरक पडेल तेव्हा, व्हॉल्व्ह उघडू लागेल इतका स्क्रू फिरवून लॉकनट आवळावा. कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. शर्यतीच्या इंजिनांत निर्वात पंप लावून ४०-५० किलोपास्कलपर्यंत जातात, पण त्यांची सील, रिंगा आणि पिस्टन-पिनला तेल देण्याची व्यवस्था त्यासाठीच केलेली असते. तो आकडा पाहून रस्त्यावरच्या इंजिनाला तसे जुळवू नये.

मोजणी

६-८ मि.मी. आतल्या व्यासाची पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बसवावी, दोन्ही बाजू मीटरभर उंच ठेवाव्यात आणि अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. एक टोक मोकळे ठेवून दुसरे क्रँककेसला जोडावे. पातळ्यांमधला १०२ मि.मी. फरक म्हणजे १ किलोपास्कल. नळी आणि इंजिन यांच्यामध्ये एक रिकामी बाटली अवश्य जोडावी, म्हणजे ओढ अचानक वाढली तरी पाणी इंजिनात न जाता बाटलीत पडेल. पाणी थरथरत असेल तर नळी क्लिपने थोडी चिमटावी. जोडणी डिपस्टिकच्या नळीला करता येते, पण काही इंजिनांत त्या नळीचे खालचे टोक तेलात बुडालेले असते आणि तेथे आकडा खोटा येतो. त्यापेक्षा ऑइल फिलरचे एक जादा झाकण घेऊन त्यात निपल बसवावा.

इंजिन पूर्ण तापल्यावर आधी आयडलला, मग २५०० आरपीएमवर मोजावे. भाराखालची मोजणी यू-नळीवर होत नाही. त्यासाठी ±१० किलोपास्कलचा डिफरन्शियल सेन्सर (दोन दाबांतला फरक मोजणारा) लावून डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच भाराखाली चालवणाऱ्या यंत्रावर, मोजणे सर्वांत चांगले. डायनो उपलब्ध नसेल तर लांब चढ हवा, आणि शहर सपाट असल्याने त्यासाठी छिंदवाड्याच्या वाटेवरच्या सिल्लेवानी घाटासारखी जागा गाठावी लागते. तेथे तिसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेत राहून, आकडा सेन्सरमधून नोंदवून घ्यावा. चालकाने स्वतः आकड्याकडे पाहू नये.

आयडलला वातावरणापेक्षा अर्धा ते अडीच किलोपास्कल खाली आणि पूर्ण बूस्टला शून्य किंवा किंचित खाली, हे मी उद्दिष्ट धरतो. कोणत्याही अवस्थेत तो वातावरणापेक्षा ५ किलोपास्कलहून अधिक खाली जाऊ देत नाही.

आकडा चुकीचा आला तर कारण शोधण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आयडललाच दाब दिसत असेल, तर पीसीव्ही किंवा त्याची नळी तुंबलेली आहे. आयडलला निर्वात फार असेल आणि डिपस्टिक काढताच इंजिनाची चाल बदलत असेल, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे किंवा ताज्या हवेची वाट बंद आहे. आयडल ठीक, पण बूस्टला दाब चढतो, अशी स्थिती असल्यास पहिली वाट मॅनिफोल्डपाशी काढून दोन्ही तोंडे बंद करावीत आणि चाचणी पुन्हा घ्यावी. दाब नाहीसा झाला तर चेक व्हॉल्व्ह गळतो आहे. तो तसाच राहिला तर दुसरी वाट अपुरी आहे, हे पाहण्यासाठी ती नळी थोड्या वेळापुरती मोठ्या मापाची लावून बघावी. त्यानेही फरक पडला नाही, तरच रिंगांकडे किंवा टर्बोच्या झिजलेल्या सीलकडे वळावे, कारण टर्बोमधला वायूही तेलाच्या परतीच्या नळीतून क्रँककेसमध्ये येऊ शकतो.

डिझेलचे वेगळेपण

डिझेल इंजिनांच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखी भरवशाची ओढ नसते, त्यामुळे तेथे कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे जाणारी एकच वाट असते आणि तिच्यात तेल वेगळे करणारा भाग व पडद्याचा रेग्युलेटर बसवलेला असतो. दाब वाढला तर आधी हा विभाजक तुंबला आहे का, ते पाहावे. आणखी एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ब्रेक बूस्टरचा यांत्रिक निर्वात पंप आपली हवा इंजिनातच सोडतो. बूस्टर किंवा त्याची नळी गळत असेल, तर ती सारी हवा क्रँककेसमध्ये येते आणि रिंगा उगाचच बदनाम होतात. वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात उभ्या असलेल्या जुन्या ट्रकांना खाली लोंबणारी मोकळी ब्रीदर नळी (क्रँककेसचा वायू थेट बाहेर सोडणारी) दिसते. तिच्या तोंडात चिखल बसला की सील फुटतात, म्हणून ती प्रत्येक सर्व्हिसिंगला साफ करावी.

नव्या गाडीत मात्र ब्रीदर मोकळ्या हवेत सोडू नये. क्रँककेसचा वायू पुन्हा इंजिनात जाळण्याची व्यवस्था कॅलिफोर्नियात १९६१ पासून गाड्यांत आली ती धुरके कमी करण्यासाठीच, आणि आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांतही क्रँककेसच्या वायूवर मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर निर्बंध आहेत. वॉरंटीतल्या गाडीत तर कॅच कॅन लावण्याआधीही लेखी विचारणा करून घ्यावी.

देखभाल

कॅच कॅन उन्हाळ्यात तेलाच्या प्रत्येक बदलाला रिकामा केला तरी चालतो. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा सकाळी थंडी असते आणि गाडी धरमपेठ ते सीताबर्डी एवढ्याच अंतरावर फिरते, तेव्हा इंजिन पुरते तापत नाही, वाफेचे आतच पाणी होते आणि कॅनमध्ये दुधाळ पाणी भरते. त्या दिवसांत तो दर पंधरा दिवसांनी उघडावा. फिलरच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली तर गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवून पुन्हा पाहावी. ती तरीही परत आली आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. कॅनमधले तेल इंजिनात परत ओतू नये आणि नाल्यातही टाकू नये, वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावे. एअर फिल्टर मार्च ते जून या काळात मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर पाहावा, आणि चेक व्हॉल्व्हची साबणाच्या पाण्याची चाचणी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर घ्यावी.